‘स्वैर’ हा शब्द इतका बदनाम का झाला?

“स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे.” हे वाक्य वर्षातून किती वेळा कानावर पडतं, याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली. एखाद्या पोस्टवरून वाद पेटला, लिव्ह-इनचा खटला बातम्यांत आला, वेबमालिकेतल्या शिव्यांवर कुणी आक्षेप घेतला, की कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून ते येतंच. टाळ्याही पडतात. पण टाळ्या वाजवणाऱ्या एखाद्याला बाजूला घेऊन विचारा, “स्वैराचार म्हणजे नक्की काय हो?” उत्तर मिळतं, “म्हणजे... हेच, जे चाललंय ते!”

माझ्यापुढे हा प्रश्न उभा राहिला तो मात्र भाषणामुळे नाही, मावशीमुळे. मी मुद्रितशोधनाची कामं करतो आणि ती घरी आणतो. एका कथासंग्रहाची प्रुफं टेबलावर पडली होती. शीर्षकपानावर नावाखाली ‘स्वैर अनुवाद’ असं छापलेलं. मावशीने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, ते दोन शब्द पुन्हा वाचले आणि म्हणाली, “काय रे, हा बाबा स्वतःच सांगतोय की मी वाह्यातपणा केलाय म्हणून?”

तेव्हा हसण्यावारी नेलं. पण तिची शंका रास्त होती. एकच शब्द अनुवादाला लागला तर सवलत, आचाराला लागला तर कलंक आणि गोलंदाजीला लागला तर नुसती चूक. असं का?

आधी शब्द उसवून पाहू

स्वैर म्हणजे स्व अधिक ईर. ‘स्व’ म्हणजे आपला, स्वतःचा. ‘ईर्’ हा संस्कृत धातू. (धातू म्हणजे क्रियापदाचं मूळ, शाळेतल्या व्याकरणात असतो तोच.) त्याचा अर्थ हलणं, चालू पडणं, गती देणं. तेव्हा स्वैर म्हणजे आपल्या आपण चालणारा, ज्याला बाहेरून कुणी ढकललेलं नाही असा.

या ‘ईर्’ची दोन भावंडं आपण रोज वापरतो आणि नातं ओळखत नाही. प्र अधिक ईर् यातून ‘प्रेरणा’ आली: पुढे ढकलणं. सम् अधिक ईर् यातून ‘समीर’ आला: वारा. मुलाचं नाव समीर ठेवतात, भाषणात प्रेरणा घेतात, आणि तिसऱ्या भावाला दारात उभं करत नाहीत. मला तरी हा घरगुती अन्याय वाटतो.

नियम मोडूनच जन्मलेला

आता या शब्दातली सगळ्यात मजेची गोष्ट. अ किंवा आ पुढे इ किंवा ई आली की दोन्ही मिळून ‘ए’ होतो, हा संधीचा साधा नियम. गण अधिक ईश, गणेश. महा अधिक ईश, महेश. वरची प्रेरणाही याच नियमाने झाली. मग स्व अधिक ईर याचं काय व्हायला हवं होतं? ‘स्वेर’. पण तसं कुणी म्हणत नाही. म्हणतात ‘स्वैर’. एका मात्रेच्या दोन झाल्या.

पाणिनीच्या मूळ सूत्रांत या शब्दाची सोय नाही. त्याच्यानंतरच्या कात्यायनाला खास जोड द्यावी लागली. अशा जोडीला वार्तिक म्हणतात. त्यात सांगितलं की ‘स्व’पुढे ‘ईर’ किंवा ‘ईरिन्’ आला तर नेहमीचा ए न होता ऐ होतो. म्हणजे लोक आधीच ‘स्वैर’ म्हणत होते, नियम मागाहून धावत आला. अनिर्बंधतेचा अर्थ सांगणारा शब्द स्वतःच संधिनियमाचा अपवाद निघावा, हे कुणी मुद्दाम जुळवलेलं नाही, पण जुळलंय झकास.

व्याकरणवाले याच्या शेजारच्याच खोलीत आणखी एक अपवाद ठेवतात: प्र अधिक ऊढ. नियमाने ‘प्रोढ’ व्हायला हवं, होतो ‘प्रौढ’. स्वैर आणि प्रौढ एकाच रांगेत उभे! शिस्तीच्या गप्पा मारणाऱ्या प्रौढांना हे अवश्य सांगावं.

लगाम सुटला, अंकुश गेला, साखळी तुटली

संयम नसण्याला मराठीत शब्दांची चणचण नाही. बेलगाम, निरंकुश, उच्छृंखल, बेताल, बेफाम, अनावर, अनिर्बंध, अमर्याद, मोकाट. वर्तमानपत्रांनी तर ही कामं वाटूनच दिली आहेत. महागाई बेलगाम असते, वाहनचालक बेदरकार, वक्ता बेताल, जमाव बेकाबू, गुरं मोकाट. बिबट्या मात्र कधी मोकाट नसतो. त्याचा ‘मुक्त संचार’ असतो. भीती वाटली की भाषेलाही अदब सुचते.

हे शब्द एकेक करून उघडले की प्रत्येकात काहीतरी हरवलेलं सापडतं. लगाम हा फारसीतून आलेला, घोड्याच्या तोंडातला. ‘बे’ म्हणजे विना. लगाम नसलेलं ते बेलगाम. अंकुश हत्तीचा. माहुताच्या हातातली ती आकडी नसली की हत्ती निरंकुश. शृंखला म्हणजे साखळी. ती तोडून बाहेर आलेला उच्छृंखल. (हा शब्द दर चार हस्तलिखितांपैकी तिनांत तरी चुकीचा येतो. ‘उश्रुंखल’ माझ्या विशेष आवडीचा.) बेताल म्हणजे ज्याचा ताल सुटला. बेफाममधला ‘फाम’ म्हणजे फहम, समज. ती जागेवर नाही. ‘बेछूट’ तेवढा गोंधळ घालतो. हिशेबाने पाहिलं तर ‘सूट नसलेला’ असा अर्थ निघायला हवा आणि वापरात आहे अगदी उलटा. भाषा हिशेबाने चालत नाही, हे एकदा मान्य केलं की झोप शांत लागते.

पण मुद्दा असा. बे, निर्, उत्, अन्, अ ही सगळी उपसर्गांची फौज सांगते की इथे एक आवर होता, आता नाही. बैल होता, वेसण होती, वेसण निसटली. म्हणजे या शब्दांच्या पाठीशी एक मालक उभा आहे. लगाम कुणाच्या तरी हातात असायला हवा होता, ही तक्रार शब्दातच शिवलेली आहे.

‘स्वैर’मध्ये असा नकार नाही. काही हरवल्याची वर्दी नाही, मालक नाही. आहे ती फक्त स्वतःची चाल. सुटलेला बैल आणि वाहणारा वारा यांत जो फरक, तोच बेलगाम आणि स्वैर यांत. वाऱ्याची वेसण सुटली असं आपण म्हणत नाही, कारण ती कधी घातलीच नव्हती. आणि समीर हा त्याचा भाऊ आहे, हे आपण वर पाहिलंच.

मग शिवी कधी झाली?

फार जुनी आहे. छांदोग्य उपनिषदात अश्वपती कैकेय नावाचा राजा येतो. उद्दालक आरुणी आणि त्याच्यासोबत पाच विद्वान गृहस्थ त्याच्याकडे ज्ञान घ्यायला जातात. राजा आपल्या राज्याची ग्वाही देतो: माझ्या जनपदात चोर नाही, कंजूष नाही, मद्यपी नाही, आणि मग, ‘न स्वैरी, स्वैरिणी कुतः’. स्वैर वागणारा पुरुषच इथे नाही, तर तशी स्त्री येणार कुठून?

हे वाक्य जरा थांबून वाचण्यासारखं आहे. शब्द इथे निंदेचाच आहे, चोर आणि दारुड्याच्या पंगतीला बसवलेला. पण क्रम बघा. आधी पुरुष. बाई बिघडली असेल तर बिघडवणारा कोण, हा प्रश्न राजा एका शब्दात, ‘कुतः’ म्हणून, निकालात काढतो.

पुढे हा क्रम टिकला नाही. नारदस्मृतीत स्वैरिणींचे चार प्रकार मोजून ठेवले आहेत. त्या मोजदादीत पुरुष कुठेच नाही. आज मराठी कोशात स्वैरिणी सापडते, तिचा अर्थही फणकाऱ्याने दिलेला असतो. ‘स्वैरी’ हा पुल्लिंगी शब्द मात्र बोलताना कुणी वापरल्याचं मी ऐकलेलं नाही. व्यासपीठावरून स्वैराचाराचा उल्लेख होतो, तेव्हा श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे कोण येतं? रात्री उशिरा घरी येणारा मुलगा येतो की मुलगी? उत्तर ज्याचं त्याने द्यावं. मला ते माहीत आहे.

त्याच शब्दाचं दुसरं आयुष्य

इकडे वैदिक परंपरेत हे चाललेलं असताना पाली भाषेत याच शब्दाला वेगळं नशीब मिळालं. पालीत स्वैरीचा ‘सेरी’ होतो आणि त्याचं भाववाचक नाम ‘सेरिता’. सुत्तनिपात या प्राचीन बौद्ध संग्रहात एक सूत्र आहे, गेंड्यासारखं एकटं फिरण्याविषयीचं. त्यातल्या एका गाथेचा अर्थ साधारण असा: रानातलं न बांधलेलं हरीण जसं मनाला येईल तिथे चरायला जातं, तसं शहाण्या माणसाने आपल्या सेरितेकडे नजर ठेवून एकट्याने चालावं.

राजाच्या दृष्टीने जो माणूस राज्यात नसणं ही अभिमानाची बाब, त्याच शब्दातलं स्वातंत्र्य भिक्षूच्या दृष्टीने जपण्याची गोष्ट. दोघांनाही दोष देता येत नाही. राजाला राज्य चालवायचं होतं, भिक्षूला ते सोडून जायचं होतं.

मराठीत उतरताना

प्राकृतात ‘स्व’चा ‘स’ होणं ही नेहमीची गोष्ट. तसा स्वैरचा सइर, सैर झाला आणि मराठीत त्याला चांगलाच परिवार लाभला. साप दिसल्यावर पोरं सैरावैरा पळतात. ‘सैराट’ हा शब्द गावाकडे होताच, 2016 साली त्याच नावाचा चित्रपट आला आणि ज्यांच्या घरी तो कधी बोलला गेला नव्हता तेही तो बोलू लागले. सैराटमध्ये निंदा आहे का? थोडी आहे, पण तिच्यात कौतुकही मिसळलेलं आहे. उनाड पोराच्या पाठीत धपाटा घालताना आजीच्या हातात असतं तेवढं.

इथे एक चकवा सांगून ठेवतो. आपण ‘सैर करायला’ जातो, ती सैर या घरातली नाही. ती अरबीतून, फारसीमार्गे आलेली, फिरणं या अर्थाची. दोन वेगळ्या मुलखांतले दोन शब्द मराठीत येऊन एकसारखे दिसू लागले, आणि दोघांचंही काम भटकण्याशी निगडित. योगायोगच.

चेंडू, अनुवाद आणि आचार

आता मावशीच्या शंकेकडे. आजच्या मराठीत ‘स्वैर’ एकटा फारसा फिरत नाही. तो पुढच्या नामाचा हात धरून येतो, आणि अर्थ ते नाम ठरवतं.

क्रिकेटचं वार्तांकन वाचा. ‘वेगवान गोलंदाजांनी स्वैर मारा केला’ असं वाक्य आठवड्यातून एकदा तरी भेटेल. गोलंदाज धावत येतो, त्याला यॉर्कर टाकायचा असतो, घामाने बोटं निसटतात आणि चेंडू लेगस्टंपच्या बाहेरून यष्टिरक्षकाला झेप घ्यायला लावून सीमेपार जातो. पंच दोन्ही हात पसरतात, अवांतर धावांच्या खात्यात पाचची भर पडते. यात गोलंदाजाच्या चारित्र्याचा काय संबंध? काहीच नाही. त्याची इच्छा तर नेमकी उलट होती. इथे स्वैर आहे तो चेंडू, आपल्या मनाने गेला. शब्दाचा मूळ अर्थ आज सगळ्यात शुद्ध कुठे टिकला असेल तर क्रीडापानावर, असं मला वाटतं.

अनुवादाला लागला की हाच शब्द कबुली होतो. स्वैर अनुवाद म्हणजे वाक्याला वाक्य जोडून चालण्याचं बंधन मी पाळलेलं नाही, मूळ कथेचा गाभा घेतला आणि आपल्या चालीने आलो, हे वाचकाला आधीच सांगणं. यात प्रामाणिकपणा आहे. न सांगता तसं केलं तर तक्रार करावी. स्वैर चिंतन, स्वैर कल्पना इथेही कुणाच्या भुवया चढत नाहीत, कारण डोक्याच्या आत कुणी कितीही भटकलं तरी शेजाऱ्याचं काही बिघडत नाही.

आणि मग येतो ‘आचार’. आचार म्हणजे चारचौघांत दिसणारी वागणूक. तिचा कुणाला ना कुणाला धक्का लागतो, म्हणून तिथे स्वैर हा शब्द एकदम गुन्हेगार होऊन उभा राहतो. ‘स्वैराचार’ चांगल्या अर्थाने वापरलेला मी अजून पाहिलेला नाही. ‘मी काल छान स्वैराचार केला’ असं म्हणून बघा. विनोदच होतो.

‘पण कोशात तर मनमानी असाच अर्थ दिलाय’

दिलाय, आणि बरोबर दिलाय. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. शब्द कुठून आला हे कळल्याने तो आज काय सांगतो हे बदलत नाही. नाहीतर ‘साहस’ या शब्दाचं काय कराल? धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरीचा गुन्हा. मनुस्मृतीत खटल्यांचे जे अठरा विषय आहेत, त्यांत साहस हा एक. आज साहसी मुलांना आपण शाबासकी देतो. साहस वर चढला, स्वैर खाली उतरला. कुणी जुना अर्थ काढून साहसवीराला तुरुंगात टाकत नाही, तसंच जुना अर्थ दाखवून स्वैराचाराला सन्मानही मिळवून देता येणार नाही.

मग एवढी खटपट कशाला? एवढ्यासाठी की ‘स्वैराचार’मधली निंदा शब्दाच्या पोटातून आलेली नाही, वापरणाऱ्याच्या नजरेतून आलेली आहे. बेलगाम म्हटलं की निदान लगाम कुठला, हे विचारता येतं. स्वैराचार म्हटलं की विचारायलाही काही हाती लागत नाही. कुठला नियम मोडला, ते शब्द सांगत नाही. फक्त बोलणाऱ्याला आवडलेलं नाही, एवढंच कळतं.

‘म्हणजे सीमारेषाच नको का?’

हा आक्षेप हमखास येतो, आणि यायलाच हवा. भाषणातलं ते वाक्य अगदीच पोकळ नाही, हेही इथेच कबूल करतो. स्वतंत्र आणि स्वैर यांत फरक आहेच. दोघांतही ‘स्व’ आहे, पण स्वतंत्रच्या पुढे ‘तंत्र’ आहे. तंत्र म्हणजे मुळात मागावर ताणलेले उभे धागे, त्यावरून व्यवस्था, घडी. स्वतंत्र माणसाचा माग स्वतःचा असतो, पण असतो. स्वैरकडे माग नाही, फक्त चाल आहे. एकट्या भिक्षूला तेवढं पुरतं. एका जिन्याने वरखाली करणाऱ्या चाळीस कुटुंबांना पुरत नाही.

सीमारेषा हवी, हे राज्यघटनेनेही मान्य केलंय. फक्त तिने ‘स्वैराचार’ या शब्दावर ते काम सोपवलेलं नाही. अनुच्छेद 19 च्या पहिल्या खंडात भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे, दुसऱ्या खंडात त्यावरचे ‘वाजवी निर्बंध’. यातला ‘वाजवी’ 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. निर्बंध घालायचा तर तो कायद्याने घालावा लागतो, वाजवी असावा लागतो आणि मोजक्या आठ कारणांपैकी एकात बसावा लागतो. देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, आणि गुन्ह्याला चिथावणी.

यात नीतिमत्ताही आहे, हे लपवायचं कारण नाही. तिच्यावरून वाद होतात आणि होत राहतील. पण न्यायालयात ‘हे नीतिमत्तेविरुद्ध आहे’ म्हणणाऱ्याला कुठल्या कायद्याखाली, कसं आणि हा निर्बंध वाजवी का, याची उत्तरं द्यावी लागतात. ‘हा स्वैराचार आहे’ म्हणणाऱ्याला व्यासपीठावर पाण्याचा ग्लास मिळतो.

तेव्हा पुढच्या वेळी हा शब्द लिहायची वेळ आली तर मी तरी आधी नेमकं काय खटकलं ते पाहतो. कुणी गाडी दामटली असेल तर बेदरकार. सत्तेला जाब विचारणारं कुणी उरलं नसेल तर निरंकुश. पुराव्यावाचून आरोप होत असतील तर बेछूट. राग आवरत नसेल तर अनावर. एवढं करूनही ‘स्वैराचार’च लिहावासा वाटला, तर बहुतेक वेळा असं निघतं की तक्रार काय आहे, ते लेखकालाच ठरवता आलेलं नाही. मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतो आणि मजकूर परत पाठवतो.

मावशीला यातलं निम्मंच सांगितलं. समीरचं तिला पटलं, कारण तिच्या नातवाचं नाव समीर आहे. पुस्तक छापून आलं, शीर्षकपानावर ‘स्वैर अनुवाद’ तसंच राहिलं. तिने दोन दुपारींत ते वाचून काढलं आणि परत देताना म्हणाली, “मूळ कसं आहे देव जाणे, पण शेवटच्या कथेत याने जरा जास्तच समीर केलाय.”